मिठापाण्याचा हिशेब



परक्या भाषेंतून मराठींत आलेले जे शब्द अगदीं घरचे होऊन बसले आहेत, त्यांत ‘सलाईन’ हा एक आहे. सातारा-सांगलीकडील कोणत्याही खेड्यांत आजारी माणसाच्या समाचारास गेलेली बाई ‘सलाईन लावली कां?’ असें विचारते, आणि ‘लावली’ असें उत्तर आलें कीं तिचा जीव भांड्यांत पडतो. या शब्दाचा मूळ अर्थ ‘खारें’ एवढाच आहे. बाटलींत असतें तें बहुधा मीठ आणि पाणी. फार तर थोडी साखर. एक लिटर शुद्ध पाण्यांत ९ ग्रॅम मीठ, हें त्यांतील सर्वांत साधें प्रमाण. इतकी सामान्य वस्तु माणसाला मरणाच्या दारांतून परत कशी आणते, आणि ही गोष्ट कळावयास व कळल्यावर वळावयास जगाला किती काळ लागला, याचा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे. हा इतिहास बहुधा डॉक्टरांच्या नांवांनीं सांगितला जातो, आणि तीं नांवें मीही घेणार आहें. परंतु माझ्या समजुतीप्रमाणें या कथेंतील निर्णायक व्यक्ति निराळीच आहे. रोग्याच्या उशाशीं बसून किती पाणी गेलें आणि किती परत आलें याचा हिशेब ठेवणारी जी परिचारिका, किंवा घरीं जी आई, तिच्या हातीं हें औषध आल्यावांचून तें औषधच झालें नाहीं.

आरंभीं थोडी शरीराची ओळख करून घेऊं. प्रौढ माणसाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. नुकत्या जन्मलेल्या मुलांत तर तो पाऊण हिश्श्याच्या जवळ जातो. हें पाणी गोडें नव्हे. त्यांत मीठ, पोटॅशियम, सोडा, चुना इत्यादि क्षारांचे अंश अगदीं ठराविक मापानें विरघळलेले असतात. पेशींच्या बाहेरील पाण्यांत मिठाचा अंश प्रबळ असतो, आंतील पाण्यांत पोटॅशियमचा. घाम, श्वास आणि लघवी यांवाटे रोज कांहीं पाणी व क्षार जातात, अन्नपाण्यावाटे ते येतात, आणि मूत्रपिंडें हा जमाखर्च रात्रंदिवस जुळवीत असतात. जुलाब व वांति यांनीं खर्च एकाएकीं अफाट वाढला म्हणजे मात्र मूत्रपिंडांचा उपाय चालत नाहीं. पाणी घटलें कीं डोळे खोल जातात, जीभ कोरडी पडते, कातडीचा चिमटा घेऊन सोडला तर वळी तशीच राहते, नाडी हातास लागत नाहीं. क्षार घटले कीं पायांना गोळे येतात. सोड्याचा अंश गेला कीं श्वास खोल व जोराचा होतो. पोटॅशियम गेलें कीं हातपाय लुळे पडतात आणि हृदयाचा ठोका चुकूं लागतो. जुनीं माणसें ‘अंगांतलें बळ गेलें’ असें म्हणत, तें या अर्थानें शब्दशः खरें आहे.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. आजचा सांगली जिल्हा १९४९ पूर्वीं नव्हता. तासगांव, खानापूर, वाळवें, शिराळें हा भाग सातारा जिल्ह्यांत मोडे, आणि सांगली, मिरज, जत हीं संस्थानें होतीं. १९४९ मध्यें दक्षिण सातारा असा जिल्हा झाला व १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. तेव्हां कृष्णाकांठचें जुनें वर्तमान सांगावयाचें तर हे दोन्ही जिल्हे एकच धरले पाहिजेत. या मुलुखांत जलशोषानें माणसें मारणारा मुख्य रोग म्हणजे पटकी. त्यास कोणी वाखा म्हणे, कोणी मोडशी, कोणी महामारी. यांपैकीं मोडशी या शब्दाची गंमत अशी कीं गोमंतकांत पोर्तुगीजांनीं तो आपल्या वळणावर नेला, आणि पुढें फ्रेंचांनीं त्याचें ‘कुत्र्याचें मरण’ अशा अर्थाचें रूप केलें. शब्द बिघडला, पण वर्णन कांहीं फार चुकलें नाहीं.

१८१७ सालीं बंगालच्या जेसोर भागांत पटकीची जी मोठी सांथ उठली, ती दुसऱ्याच वर्षीं दक्षिणेंत उतरली. १८१८ च्या ऑगस्टांत ती मुंबईस पोंचली होती. पेशवाईचा शेवट झाला आणि साताऱ्याच्या किल्ल्यावर इंग्रजांचें निशाण चढलें, तेंच हें वर्ष. पुढें शंभर वर्षांवर हा रोग आपल्याकडे येत-जात राहिला. यात्रांच्या दिवसांत त्यास विशेष ऊत येई. आळंदीहून निघणारी पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगांव, फलटण, बरड अशी सातारा जिल्ह्यांतून जाते. वाटेवरच्या विहिरी, ओढे आणि नदी हींच वारकऱ्यांचीं पाणवठ्याचीं ठिकाणें. १८६६ मध्यें कॉन्स्टँटिनोपल येथें पटकीविषयीं जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिनेंही हिंदुस्थानांतील यात्रांकडे बोट दाखविलें. गांवकऱ्यांचा उपाय म्हणजे मरीआईचा गाडा. देवीची पूजा करून तो गाडा वाजतगाजत शिवेबाहेर न्यावयाचा, म्हणजे पुढील गांवच्या हद्दींत सोडावयाचा. पुढील गांवानें तो आणखी पुढें लोटावयाचा. रोगही त्याच वाटेनें जाई.

परंतु यापेक्षां क्रूर असा एक समज होता, आणि त्यांत शहाणे व अडाणी, देशी व विलायती असा भेद नव्हता. जुलाब होत असतां पाणी दिलें तर जुलाब वाढतात, म्हणून रोग्यास पाणी देऊं नये, हा तो समज. माझी आजी खानापूर तालुक्यांतली. तिच्या लहानपणीं घरांत पटकीचा रोगी झाला तेव्हां पाण्याचा हंडा दुसऱ्या खोलींत नेऊन ठेवला होता, आणि रोगी ‘पाणी, पाणी’ म्हणत रात्रभर भिंतीकडे हात करीत होता, असें ती सांगे. हें करणारीं माणसें निर्दय नव्हतीं. त्यांच्या मतें ती शुश्रूषाच होती. त्याच काळच्या युरोपियन डॉक्टरांची रीत तरी काय निराळी होती? १८१८-१९ च्या सांथींत त्यांचे मुख्य उपाय म्हणजे शीर तोडून रक्त काढणें, पाऱ्याचें औषध देणें आणि अफू. ज्याच्या देहांतलें पाणी आधींच निघून गेलें आहे त्याचेंच रक्त ते काढीत. आणि तें दाट झाल्यामुळें वाहत नाहीं अशी तक्रार करीत. रक्त वाहत नाहीं या एका गोष्टींतच रोगाचें सारें रहस्य उघडें पडलेलें होतें. तें वाचावयास मात्र एक तरुण मनुष्य यावा लागला.

तो मनुष्य म्हणजे विल्यम ओशॉनेसी. १८३१ मध्यें पटकी इंग्लंडांत प्रथमच शिरली, तेव्हां याचें वय अवघें २२ वर्षांचें. संडरलंड गांवीं जाऊन त्यानें रोग्यांच्या रक्ताची रासायनिक परीक्षा केली, आणि रक्तांतील पाणी व क्षार घटले आहेत आणि जें रक्तांतून गेलें तेंच तांदुळाच्या धुवणासारख्या त्या ढाळांत सांपडतें, असें वर्षअखेरीस प्रसिद्ध केलें. गेलें तें परत घालावें, हा त्यावरून निघणारा सरळ अर्थ. दुसऱ्या वर्षीं, १८३२ च्या मे महिन्यांत, स्कॉटलंडांतील लीथ येथील डॉक्टर टॉमस लाटा यानें तो अर्थ आचरणांत आणला. पहिली रोगी एक वृद्ध स्त्री होती. सर्व उपाय थकले होते आणि ती शेवटच्या घटका मोजीत होती. लाटानें तिच्या हाताच्या शिरेंत क्षारयुक्त पाणी हळूहळू सोडावयास आरंभ केला. आरंभीं कांहींच फरक दिसेना. मग श्वास सुधारला, बसलेले डोळे वर आले, गार हात ऊन झाले, बुडालेली नाडी परत आली. सुमारें अर्ध्या तासांत ६ पाइंट, म्हणजे सव्वातीन लिटरांच्या वर, पाणी गेलें. आणि ती बाई ठणठणीत आवाजांत, आपणास आतां कांहीं होत नाहीं, थोडी झोंप मिळाली कीं झालें, असें थट्टेनें बोलूं लागली.

येथपर्यंतची हकीकत सर्व पुस्तकांत मोठ्या कौतुकानें दिलेली असते. पुढील भाग थोडक्यांत आटोपतात. मला मात्र तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. बाई वांचली असें समजून आणि स्वतःस फार काम असल्यामुळें लाटा तिला रुग्णालयांतील दुसऱ्या डॉक्टराच्या स्वाधीन करून निघून गेला. तो गेल्यावर थोड्याच वेळांत जुलाब व वांति पुन्हां सुरू झाल्या. पाणी पुन्हां घातलें गेलें नाहीं. लाटा गेल्यापासून साडेपांच तासांत ती बाई मरण पावली.

औषध चुकलें नव्हतें. हिशेब थांबला होता. सहा पाइंट आंत गेले हें लाटानें लिहून ठेवलें. त्यानंतर किती बाहेर गेलें हें मोजणारें माणूस तेथें नव्हतें. आपल्या चरकानें चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. त्याच्या अंगीं उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं माया आणि शुचिता हे गुण असावेत असेंही त्यानें म्हटलें आहे. लीथच्या त्या खोलींत तीन पाय होते, चौथा नव्हता. आणि तीन पायांवर खाट उभी राहिली नाहीं.

लाटा दुसऱ्याच वर्षीं वारला. ओशॉनेसी कंपनीच्या नोकरींत कलकत्त्यास आला. ज्या देशांत पटकीचें माहेर, त्या देशांत पटकीचें मर्म जाणणारा मनुष्य येऊन पोंचला. आतां येथें तरी लाखों जीव वांचावेत कीं नाहीं? तसें झालें नाहीं. तो वैद्यकीय कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवूं लागला, पुढें विजेच्या तारेच्या नादास लागला, आणि हिंदुस्थानांतील तारायंत्र खात्याचा पहिला प्रमुख झाला. १८५० नंतरच्या दशकांत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास यांना जोडणाऱ्या तारा त्याच्या देखरेखीखालीं उभ्या राहिल्या. पटकीची बातमी तारेनें त्वरित कळूं लागली, पण तिचा उपाय तिच्या संशोधकासह बाजूस पडला. याचीं कारणें शोधतांना केवळ डॉक्टरांच्या हट्टावर बोट ठेवून चालणार नाहीं. जंतूंचें ज्ञान तेव्हां नव्हतें. अशुद्ध पाणी शिरेंत गेलें म्हणजे रोगी पटकींतून वांचला तरी रक्त दूषित होऊन मरे. शिवाय हा उपाय अगदीं मरणोन्मुख रोग्यावरच करून पाहत, आणि एकदां केला कीं पुन्हां करीत नसत. म्हणून ‘क्षणभर बरें वाटतें, पुढें मरतोच’ असा त्याचा लौकिक झाला.

त्यानंतर जवळजवळ पाऊणशें वर्षांनीं, १९०८ च्या सुमारास, कलकत्त्यासच डॉक्टर लेनर्ड रॉजर्स यांनीं हा धागा पुन्हां उचलला. त्यांनीं नेहमींपेक्षां अधिक मीठ घातलेलें द्रावण शिरेवाटे द्यावयास सुरुवात केली, आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे रोग्याच्या रक्ताचा थेंब घेऊन तो किती दाट झाला आहे हें मोजून मग किती पाणी द्यावयाचें तें ठरविलें. पटकीच्या रोग्यांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ६० च्या घरांतून ३० च्या घरांत आलें. मोजमाप आलें, आणि निम्मे मृत्यु टळले.

परंतु असें मोजमाप करावयास शिकलेले हात लागतात. आपल्या भागांत नव्या पद्धतीच्या शुश्रूषेचें मोठें केंद्र झालें तें मिरज. डॉक्टर विल्यम वानलेस हे मूळचे कानडा देशचे मिशनरी. १८८९ मध्यें ते हिंदुस्थानांत आले, आणि १८९४ मध्यें त्यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें. १८९७ मध्यें तेथें वैद्यकीय शाळा सुरू झाली. परिचारिकांचें शिक्षणही त्याच आवारांत रुजलें. १९२८ मध्यें त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, १९३३ मध्यें ते वारले. त्यांच्या नांवाची वानलेसवाडी सांगली-मिरज रस्त्यावर आजही आहे. १८९७ हेंच साल आणखी एका कारणानें आपणांस स्मरणीय आहे. साताऱ्याच्या खंडाळा भागांतील नायगांवीं जन्मलेल्या सावित्रीबाई फुले त्या वर्षीं १० मार्च रोजीं पुण्यास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें निवर्तल्या. त्यांचा जन्म १८३१ चा, ओशॉनेसीनें रक्ताची परीक्षा केली त्याच वर्षाचा. त्यांच्यापाशीं शिक्षणखात्याचें प्रमाणपत्र असो वा नसो, चरकाचे चारही गुण होते.

मुली या धंद्यांत येणें सोपें नव्हतें. परक्याच्या मळमूत्रास हात लावावयाचा, रात्रपाळी करावयाची, तीही सर्व जातींच्या रोग्यांची. या कारणानें आपल्या पांढरपेशा घरांनीं कित्येक वर्षें या विद्येकडे पाठ फिरविली, आणि आजारीपणांत मात्र तिचा लाभ घेतला. ख्रिस्ती मुलींनीं आणि परित्यक्ता, विधवा अशा बायांनीं तो भार पुष्कळसा वाहिला, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

या परिचारिकेच्या कामाचें स्वरूप बाहेरच्यास दिसत नाहीं, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. खाटेच्या पायथ्याशीं जो कागद टांगलेला असतो त्यावर दोन रकाने असतात. एकांत आंत गेलेलें सर्व: पाणी, चहा, पेज, सलाईन, औषधाबरोबर गेलेला घोटसुद्धां. दुसऱ्यांत बाहेर आलेलें सर्व: लघवी, वांति, जुलाब, जखमेंतून नळीवाटे निघालेलें पाणी. सर्व मिलिलिटरांत मोजून, वेळ घालून, चोवीस तासांची बेरीज. प्रौढ माणसास दर किलो वजनामागें ताशीं निदान अर्धा मिलिलिटर लघवी झाली पाहिजे. ६० किलोच्या माणसास ताशीं ३०. त्याहून कमी झाली कीं परिचारिका डॉक्टरास उठविते. घाम आणि श्वास मोजतां येत नाहींत, म्हणून रोज एकाच वेळीं वजन घ्यावयाचें. एका दिवसांत वजन एक किलोनें उतरलें तर साधारण एक लिटर पाणी गेलें असें धरतात. पटकीच्या दवाखान्यांत यासाठीं खास खाट असते. तिच्या मधोमध भोंक, खालीं खुणा केलेली बादली. पाहुण्यास ती ओंगळ वाटते. परंतु त्या बादलीवरची खूण वाचूनच पुढच्या बाटलीचा वेग ठरतो. भयंकर पटकींत तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊं शकतें.

आणि वेग ठरतो तो त्रैराशिकानें. ५०० मिलिलिटरची बाटली आठ तासांत द्यावयाची आहे. नळी अशी कीं २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. तर मिनिटाला किती थेंब सोडावे? एकूण थेंब १०,०००, मिनिटें ४८०, उत्तर सुमारें २१. ‘गुरुजी, हीं गणितें पुढें कोठें उपयोगी पडतात?’ असें वर्गांत विचारणाऱ्या मुलींस मीं हें उदाहरण पुष्कळदां घातलें आहे. यांतील चूक वहींत राहत नाहीं. म्हाताऱ्या माणसास वा दुबळ्या हृदयाच्या रोग्यास तीच बाटली घाईनें गेली तर पाणी फुप्फुसांत सांचतें आणि कोरड्या जमिनीवर माणूस बुडूं लागतो. पोटॅशियमचें द्रावण तर पातळ न करतां एकदम शिरेंत टोंचलें तर हृदय जागच्या जागीं थांबतें. म्हणून दोघी परिचारिकांनीं एकमेकींची आंकडेमोड तपासावी अशी चांगल्या रुग्णालयांतून चाल आहे.

हें सर्व झालें तरी एक अडचण उरलीच. बाटली, सुई, शुद्ध पाणी आणि शिकलेला हात हीं मिरजेस असतील. आटपाडीच्या वाडीवर कोठून असावींत? तोंडानें पाणी द्यावें तर तें आंतड्यांत शोषलें जात नाहीं, असें दिसे. नुसतें मीठ घातलें तरी शोषलें जात नाहीं. या कुलपाची किल्ली पुन्हां बंगालमध्येंच सांपडली. १९५३ मध्यें कलकत्त्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चटर्जी यांनीं पटकीच्या १८६ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. वांति थांबविण्यास औषध, आपल्याकडे ज्यास पानओवा म्हणतात त्या झाडाच्या पानांचा रस, आणि तोंडानें मीठ व ग्लुकोज घातलेलें पाणी, असा त्यांचा उपचार होता. तौलनिक प्रयोग नाहीं म्हणून जगानें तिकडे दुर्लक्ष केलें. १९५९ मध्यें कलकत्त्याचेच शंभुनाथ डे यांनीं दाखविलें कीं पटकीचे जंतु एक विष सोडतात व त्या विषानें आंतड्यांतून पाणी झिरपतें. म्हणजे आंतडीं सडतात हा समज खोटा ठरला. १९६० मध्यें अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनीं प्राग येथें सांगितलें कीं आंतड्यांच्या भिंतींतून साखर आणि मीठ हीं जोडीनें आंत जातात. साखर आंत निघाली कीं तिचें बोट धरून मीठ जातें, आणि मिठामागून पाणी. पटकीच्या विषानें हें दार बंद होत नाहीं. १९६८ मध्यें डाक्क्यास नेलिन आणि कॅश या तरुण डॉक्टरांनीं प्रत्यक्ष रोग्यांवर तें सिद्ध केलें. शिरेंतून द्यावयाच्या पाण्याची गरज शेंकडा ८० नीं घटली.

हें वाचलें कीं मला कऱ्हाडची जुनी पेठ आठवते. कोंकणांतलें मीठ चिपळुणाहून कुंभार्ली घाट चढून तेथें येई, आणि कृष्णाकांठचा गूळ त्याच घाटानें खालीं उतरे. मीठ आणि गोड हीं दोन्हीं एकाच दुकानांत शेजारीं शेजारीं पोत्यांत होतीं. तीं योग्य मापानें एका घागरींत पडावयास १९६८ साल उजाडावें लागलें. आमच्याकडे भाताची पेज, लाह्यांचें पाणी, मीठ घातलेलें ताक यांची ओळख नव्हती असें नाहीं, आणि आयुर्वेदानेंही पेया व मंड सांगितलेच होते. परंतु अनुभव असला तरी माप नव्हतें, आणि जेथें पाण्याचीच बंदी तेथें पेजेचा घोट तरी कितीसा मिळणार?

पुढील प्रसंग १९७१ चा. पूर्व बंगालमधून लाखों निर्वासित सीमा ओलांडून आले आणि पावसाळ्यांत छावण्यांत पटकी पसरली. बनगांवच्या रुग्णालयांत दोन खोल्या, १६ खाटा. बाकीचे रोगी जमिनीवर, स्वतःच्या मळांत पडलेले. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेथें गेलेले डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं धाडसी निर्णय घेतला. एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या कलकत्त्यास भरून घेतल्या, छावणींत तें पाणी पिंपांत कालविलें, आणि पेले रोग्यांच्या आयांच्या, भावांच्या, मुलांच्या हातीं दिले. खर्च लिटरास ११ पैसे. लोकांची श्रद्धा सलाईनवर, म्हणून या पाण्यास ‘तोंडानें घ्यावयाची सलाईन’ असें नांव दिलें. तें तयार करण्याची कृति सीमेवरच्या एका गुप्त नभोवाणी केंद्रावरूनही सांगितली गेली. नभोवाणीवर बोलावयास बसलेल्या माझ्यासारख्यास याचा अभिमान वाटला तर श्रोत्यांनीं क्षमा करावी. आठ आठवड्यांत ३,७०० वर रोग्यांना हा उपचार मिळाला. उपचार सुरू होण्यापूर्वीं शेंकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यु ३.६ वर आले. या रोग्यांच्या उशाशीं बसलेले बहुतेक जण निरक्षर होते, आणि दुःखानें खचलेले होते. तरीही लीथच्या खोलींत जो चौथा पाय नव्हता तो येथें होता.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें १९७८ मध्यें या शोधास शतकांतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असें म्हटलें. महालनबीस २०२२ मध्यें वारले. २०२३ मध्यें त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालें. पुड्यांचें मापही स्थिर राहिलें नाहीं. मीठ व साखर थोडीं कमी केलेलें पाणी मुलांस अधिक मानवतें असें आढळल्यावरून २००२ पासून नवें प्रमाण आलें: एक लिटर पाण्यास मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. मराठींत या पुडीस जलसंजीवनी असें सुरेख नांव पडलें आहे. आषाढी वारीच्या वाटेवर, आणि २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी सांगली शहरांत शिरलें तशा पुराच्या वेळीं, हीच पुडी उपयोगाची.

असें असून आमच्या भागांत घडतें काय? थकवा आला, लावा सलाईन. लग्नाची धांवपळ झाली, लावा सलाईन. माझ्या शेजारीं एक गृहस्थ साध्या कणकणीपायीं दोन बाटल्या लावून आले व दोन दिवसांची मजुरी देऊन बसले. १९९५ मध्यें डॉक्टर अनंत फडके व त्यांचे सहकारी यांनीं सातारा जिल्ह्यांतील औषधांच्या पुरवठ्याचा व वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनावश्यक औषधें आणि इंजेक्शनें यांवर लोकांचा किती पैसा व्यर्थ जातो याचें चित्र त्यांत आहे. बाटलींतून थेंब पडतांना डोळ्यांस दिसतात म्हणून तें औषध, आणि चमच्यानें दिलेलें तें नुसतें पाणी, ही समजूत पाण्याचा हंडा लपविणाऱ्या समजुतीचीच बहीण होय. रोगी शुद्धीवर नसेल, पाणी पोटांत ठरतच नसेल किंवा नाडी बुडाली असेल तर शिरेंतून सलाईन दिलीच पाहिजे. तेथें घरगुती उपायांत वेळ घालवूं नये.

आतां कृति. पुडी असेल तर तिच्यावर लिहिलें असेल तितक्याच पाण्यांत ती संपूर्ण रिकामी करावी; अर्धी पुडी, अंदाजाचें पाणी असें करूं नये. पुडी नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ. मीठ अधिक पडणें मुलास घातक आहे; चव अश्रूंहून खारट लागली तर तें पाणी टाकून द्यावें. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा रोग असलेल्यांनीं डॉक्टरास विचारल्यावांचून घेऊं नये. तान्ह्याचें अंगावरचें दूध बंद करूं नये. पाणी चमच्याचमच्यानें द्यावें, आणि किती चमचे गेले व किती वेळां जुलाब झाला हें एका कागदावर लिहून ठेवावें. दवाखान्यांत जावें लागलें तर तो कागद बरोबर न्यावा. मूल ओकलें तर दहा मिनिटें थांबावें आणि मग पूर्वींहून सावकाश द्यावयास लागावें. केलेलें पाणी चोवीस तासांनंतर ठेवूं नये; ओतून टाकून नवें करावें.